केसरबाईची अट आणि रबराची टोपी

आष्टीकडून नगरला जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेवर एक वाडी होती. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, म्हणून तिथले पुरुष शेतीपेक्षा बैलगाडीवरच जास्त जगायचे. इकडून कापूस, करडी, तूर घेऊन नगरला जायचं आणि तिकडून गूळ, मीठ, लोखंड भरून यायचं. वाटेत एक ओढा लागायचा. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. अलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका होता. पलीकडून येणारा माल तिथं उघडून बघत आणि त्यावर जकात बसवत. दोन्ही राज्यांत फुकट जा-ये करायचे ते फक्त ओढ्यातले बेडूक.

जर्मनची पहिली लढाई नुकतीच संपली होती, तेव्हाची ही गोष्ट. या वाडीत बंकट गाडीवानाची बायको केसरबाई नांदत होती. विशी ओलांडलेली, सावळी, उंच, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. आष्टीच्या बाजारात ती मडकं घ्यायला बसली की कुंभार कपाळाला हात लावायचा. आधी बोटानं वाजवणार, मग कानाशी धरणार, मग पाणी भरून आपल्या पदरावर ठेवणार, आणि पदर कोरडा राहिला तरच कमरेच्या पिशवीला हात घालणार.

कुंभार म्हणायचा, "बाई, मडकं घ्यायलीस का जावई करायलीस?"

"जावयाची एवढी पारख माज्या बापानं केली असती तर काय पायजे होतं!" केसरबाई म्हणायची. शेजारी उभा असलेला बंकट तेव्हा बैलाच्या शेपटीकडं बघत राहायचा.

बंकट तसा वाईट माणूस नव्हता. राबणारा होता, बैलांवर जीव टाकणारा होता. रांगेतल्या सगळ्या गाड्यांत त्याची गाडी ओळखू यायची, कारण तिचा आवाजच यायचा नाही. आखाला वंगण, बैलांच्या गळ्यातल्या चामडी वादीला करडीचं तेल, वहाणांना तेल, बैलांच्या शिंगांनाही तेल. जे कोरडं दिसेल त्याला तेल लावायचं, एवढी एकच विद्या त्याला येत होती आणि ती त्याला पुरत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या घेऊन तो नगरला गेला, आणि परत आल्यावर घरात झोपेना. बैलांना गोमाशा त्रास देतात असं सांगून त्यानं आपली खाट उचलून गोठ्यात टाकली.

त्याची आई रुक्मिणीबाई ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कावून रे बंकट, ऐन थंडीत कसल्या गोमाशा?"

"हायेत माय, थोड्या थोड्या."

"मला तर एकबी दिसंना."

"त्या बैलालाच दिसत्यात."

रुक्मिणीबाईनं मग सुनेकडं बघितलं. लेक रुसला म्हणजे सुनेनं काहीतरी केलं असणार, हा तिचा हिशेब ठरलेला होता. लग्न होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि पाळणा हलला नव्हता, त्यात आता खाटच घराबाहेर गेली. चार घरी जाऊन ती कपाळ बडवून आली.

केसरबाई मात्र बघत होती. बंकट सारखा बाभळीमागं जात होता, येताना ओठ चावत होता, धने उकळलेलं पाणी तांब्यानं पीत होता. एके दिवशी विहिरीवर तो बैलांना पाणी पाजत होता, तिथं तिनं त्याला गाठलं.

"अवो, परमा झालाय न्हाई का तुमाला?"

बंकटच्या हातातला दोर सुटला आणि बादली धाडकन विहिरीत गेली.

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्या चालन्यानं. पायात काटा मोडल्यावानी चालताव."

परमा म्हणजे बाहेरच्या संगतीतून लागणारा, लघवीला जाळणारा रोग. बंकटनं खाली बघतच सगळं सांगितलं. नगरला माल लवकर उतरला, सोबतचे गाडीवान म्हणाले चल, आणि तो कसबिणींच्या वस्तीत गेला. "एकदाच गेलतो, केसर. देवाची आन. एकदाच."

"इचूबी एकदाच चावतो," केसरबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढं तिची थोरली बहीण वत्सलाबाई उभी राहिली. वत्सलाबाईच्या नवऱ्यानं असंच आणलं होतं, पण सांगितलं नव्हतं. ते तिला लागलं. तिचं पोर जन्मलं आणि आठ दिवसांत त्याचे डोळे पिकून गेले. पुढं दुसरं पोर झालंच नाही. लोक वत्सलाबाईलाच पांढऱ्या पायाची म्हणायचे.

केसरबाईनं गळ टाकून विहिरीतली बादली वर काढली, नवऱ्याच्या पुढ्यात आपटली आणि म्हणाली, "तुमी सोताहून गोठ्यात गेलात. तेवढ्यासाठी घरात भाकर मिळंल. बाकी काई न्हाई. डाक्टरनं तपासून बरा झाला म्हनून सांगितलं, तरच खाट घरात. तवर उंबरा वलांडायचा न्हाई."

"आन मायला काय सांगू?"

"गोमाशा सांगा. तुमाला जमतंय ते."

इकडं रुक्मिणीबाईनं आपल्या परीनं उपाय शोधला. मोहटादेवीला नातवाचा नवस बोलून दोघांनी जोडीनं दर्शनाला जावं, असं तिनं ठरवलं. देवी इंग्रजाच्या मुलखात, पाथर्डीकडं. तिथून नगर काही लांब नाही. केसरबाईनं ओटीचं सामान बांधलं, सासूच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. देवीपुढं दोघांनी हात जोडले. मग गाडी माघारी फिरण्याऐवजी नगरच्या वाटेला लागली.

नगरच्या कॅम्पाजवळ राधाकिशन नावाचे एक कंपाउंडर राहत. लढाईत ते पलटणीच्या दवाखान्यात होते, आता घरीच औषधं देत. माणूस हुशार पण अतोनात लाजाळू. बाईमाणूस समोर आलं की ते तिच्याशी न बोलता हातातल्या बाटलीशी बोलत.

"औषध बरेच महिने चालेल," त्यांनी बाटलीला सांगितलं. "जांभळ्या पाण्यानं धुवावं लागेल. झोंबेल. जळजळ आधी थांबते, रोग नंतर जातो. हे नीट ध्यानात ठेवावं. वरून काही दिसत नाही म्हणजे आत काही नाही, असं नसतं."

बंकटला एवढं ऐकूनच घाम फुटला. "बैल बघून येतो," म्हणून तो बाहेर पळाला तो परत आलाच नाही.

राधाकिशननी चोरासारखं दाराकडं बघितलं आणि फळीवरून एक चपटी डबी काढली. आतून दोन वस्तू निघाल्या. आज ज्याला निरोध म्हणतात आणि एकदा वापरून टाकून देतात, त्याचेच हे आजोबा. जाड रबराचे, धुऊन पुन्हा वापरायचे. पलटणीतले शिपाई त्याला नुसती टोपी म्हणत.

"डॉक्टर भिंगातून बघून बरा म्हणेपर्यंत लांब राहणं, हे सगळ्यात चांगलं," ते बाटलीला म्हणाले. "पण माणसं माणसं असतात. नाहीच राहवलं तर ही." आपल्या अंगठ्यावर चढवून त्यांनी ती दाखवली आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाले.

केसरबाईनं अंगठ्याकडं बारकाईनं बघितलं. "फाटती का?"

"नख लागलं तर फाटते. म्हणून आधी पाणी भरून बघायचं."

"म्हंजे मडक्यावानी."

"हं. प्रत्येक वेळी वापरायची, आणि पहिल्यापासून. अर्ध्यात आठवण झाली तर उपयोग नाही. मग साबणानं धुवायची, सावलीत सुकवायची, शंखजिऱ्याची पूड लावून ठेवायची. तेल लावायचं नाही, रबर सडतं. चिकट झाली, तडा गेला, की फेकून द्यायची."

"आन ही असली की रोग लागतच न्हाई?"

राधाकिशननी पहिल्यांदाच मान वर केली. "तसं म्हणता येणार नाही, बाई. परम्याला ही चांगली अडवते. गरमी म्हणून दुसरा असाच रोग आहे, तिचा फोड उघड्या जागेवर असला तर तिथून ती लागू शकते. धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. पावसात घोंगडं घेतलं तर पाय भिजतात, म्हणून कोणी घोंगडं टाकून देत नाही."

हे केसरबाईला पटलं. तेलाचं तेवढं तिला नवल वाटलं. असल्या वस्तूला तेल कोण लावणार? बंकटला मुद्दाम सांगण्यासारखं तिला त्यात काही दिसलं नाही.

परतताना ओढ्याच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. शिपायानं त्यांच्या गाडीतलं गाठोडं सोडलं. देवीचा अंगारा निघाला, बत्तासे निघाले, औषधाच्या बाटल्या निघाल्या आणि शेवटी ती डबी. शिपायानं उघडून बघितली आणि खाटेवर बसलेल्या नाक्याच्या अधिकाऱ्यापुढं, अमीनसाहेबांपुढं नेली. अमीनसाहेब हैदराबादेकडचे, नवीनच आलेले. मेंदीची दाढी, नाकावर चष्मा. त्यांनी एक टोपी चिमटीत धरून उजेडात बघितली.

"ये क्या चीज है?"

बंकट बैलाच्या शेपटीकडं बघू लागला. मागं ओळखीचे गाडीवान उभे. आता बोभाटा झाला तर सांजच्याला सगळ्या वाडीत होणार. केसरबाई गाडीतून खाली उतरली.

"बैलाच्या शिंगाची टोपी हाय, सायेब. थंडीनं शिंगं उलतात."

"हमारे मुलुख के बैलां को तो कभी ठंड नहीं लगी!"

"ह्यो नगरच्या बाजारातला बैल हाय, सायेब. इंग्रजाच्या मुलखातला. त्येला लाड लागलेत."

अमीनसाहेबांनी बैलाकडं बघितलं. मग बंकटकडं बघितलं. साहेब कामाला पक्के होते. "लगा के बताव," ते म्हणाले.

बंकटनं केसरबाईकडं बघितलं. केसरबाईनं आभाळाकडं बघितलं. मग तो मुकाट्यानं पाखऱ्या बैलाजवळ गेला आणि त्याच्या शिंगावर टोपी चढवू लागला. शिंगाला तेल असल्यानं ती सरकली, अडकली, ताणली आणि शेवटी एकदाची बसली. पाखऱ्यानं असलं काही आयुष्यात घातलं नव्हतं. त्यानं मान झटकली, टोपीचं टोक इकडून तिकडं हललं आणि रांगेतले सगळे गाडीवान खो खो हसायला लागले.

"आरं बंकट, दुसऱ्या शिंगालाबी घाल की! एका शिंगाला ऊब, एका शिंगाला गारवा!"

"पोळ्याला आमच्याबी बैलाला आन रं!"

नाक्यावर एक म्हातारा हवालदार होता. तो लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता. त्यानं ती वस्तू बघितली, तोंडावर उपरणं दाबलं आणि अमीनसाहेबांच्या कानाला लागला. अमीनसाहेबांचे कान मेंदीच्या दाढीपेक्षा लाल झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जाव, जाव. बैल की चीज पे महसूल नहीं."

गाडी नाक्यापलीकडं गेल्यावर टोपी उतरवून बघितली, तर शिंगाच्या टोकानं तिला भोक पडलं होतं. आता एकच उरली. केसरबाईनं ती पूड लावून कोनाड्यात, हळदीकुंकवाच्या करंड्यामागं ठेवली.

दिवस चालले होते. बंकट जांभळ्या पाण्यानं धूत होता, कळवळत होता, पण टाळत नव्हता. सकाळी तो विहिरीवरून तिच्या घागरी आणून ठेवी. आई बघत नाही असं पाहून एकदा त्यानं जात्यावर बसून तिचं पायलीभर दळणसुद्धा दळलं. जळजळ थांबली, चाल सुधारली, आणि केसरबाईचाही राग हळूहळू विरघळला. शेवटी तीही तरुण होती, आणि गोठा काही लांब नव्हता. संक्रांतीनंतर एका दुपारी ती वाटेत थांबली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "आज खाट आनली तरी चालंल. टोपी हाय कोनाड्यात."

बंकटला काय करू आणि काय नको असं झालं. त्यानं दाढी करून घेतली, बैलांना धुतलं, खाटेची सुंभं आवळली. तरी दिवस मावळेना. मग त्याला कोनाड्यातली टोपी आठवली. काढून बघतो तर पांढरी पूड लागलेली, कोरडी ठणठणीत! बिचारीनं एवढे दिवस तशीच ठेवली, असं म्हणून तो तिला घेऊन उन्हात बसला आणि करडीच्या तेलाच्या बोटानं मनापासून चोळत राहिला.

दिवेलागणीला त्यानं ती बायकोपुढं धरली. "बघ कशी मऊ केली! नवीन वादीवानी."

केसरबाईनं हात लावला. टोपी फुगून भिजल्या पापडासारखी झाली होती आणि बोटाला चिकटत होती. तिनं तांब्यातून पाणी ओतलं. पाणी दोन ठिकाणांहून झिरपून तिच्या पायावर पडलं.

"अवो, हे काय केलंत? तेल लावायचं नसतं हिला!"

"मला कुनी सांगितलं?"

ते मात्र खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. केसरबाईनं तांब्या खाली ठेवला.

"ठिगळ लावून आनू का?" बंकट म्हणाला. "मोट फाटली की आपन मोच्याकडून लावून आनतो तसं."

"मोटंला ठिगळ चालतं. मोट गळली तर पानी हिरीतच माघारी पडतं. हितलं गळलेलं माघारी येत न्हाई."

"पन आता मला काईच होत न्हाई, केसर. जळजळ न्हाई, काई न्हाई. बरा झालोय मी."

त्याचा ताजा दाढी केलेला चेहरा तिला आवडत होता. तो खोटं बोलत नव्हता, हेही तिला दिसत होतं. एक रात्र. कोण बघायला आलंय? पण वत्सलाबाईच्या नवऱ्यालाही काहीच होत नव्हतं, तो हसत खेळत होता. तिनं उठून खाटेचं एक टोक उचललं.

"दुसरं टोक धरा."

"कुटं?"

"गोठ्यात."

खाट दारातून बाहेर निघाली आणि ओट्यावर अडली. रुक्मिणीबाई तिच्यावर जाऊन बसली होती.

"मी हालनार न्हाई," ती म्हणाली. "देवी झाली, नवस झाला, आज कुटं खाट घरात आली, तर ही बया फिरून बाहेर काढती! काय गुन्हा केला गं माज्या लेकानं?"

बंकटनं केसरबाईकडं केविलवाणं बघितलं. केसरबाईनं खाट खाली ठेवली, सासूपुढं उकिडवी बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. नगर, परमा, जांभळं पाणी, टोपी, नाका, तेल. काही ठेवलं नाही.

रुक्मिणीबाईनं खाटेखालची बंकटची वहाण उचलली आणि एवढ्या मोठ्या गाडीवान लेकाच्या पाठीत दोन ठेवून दिल्या.

"तुजा बापबी बार्शीला गाड्या न्यायचा," ती म्हणाली. "तू दीड वरसाचा असताना असंच घेऊन आलता. मला सांगितलं न्हाई. मी म्हैनाभर तापानं फनफनले, पोटात सुऱ्या फिरल्यावानी व्हायचं. त्येच्यानंतर मला लेकरू झालं न्हाई. तू एकटा का हायेस, कदी इचार केला का रं?" मग ती सुनेकडं वळली. "नातू वरीसभरानं आला तरी चालंल. सून मला दुसरी नको. ती टोपी का बिपी कुटं मिळती गं?"

"नगरला, आत्याबाई."

"मग ह्यो बैल हितं काय करायलाय? तांबडं फुटलं की जुंप म्हनावं गाडी!"

बंकट गेला, एकटाच. कापूस भरून, त्याच वाटेनं, त्याच नगरला, आणि त्याच सोबत्यांबरोबर. त्या दिवसांत केसरबाईच्या भाकरी करपत होत्या. ज्या गावात माणूस घसरला त्याच गावी त्याला औषधाला पाठवायचं, म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं होतं. सासू म्हणायची, "यील गं." आणि तीही सारखी वाटेकडं बघायची.

गाडी नेहमीसारखीच आवाज न करता आली. बंकट उतरला तो हसतच. डबी त्यानं बायकोच्या हातावर ठेवली.

"माल उतरला का तसाच कंपाउंडरकडं गेलो. सोबतचे गाडीवान वस्तीत चल म्हनले, मी न्हाई म्हनलो. लई हसले."

"आन नाक्यावर?"

"नाक्यावर शिपाई वरडला, 'फिरसे बैल की टोपी?' सगळे बघाय लागले. मी म्हनलो, न्हाई सायेब, बैलाची न्हाई. मानसाची हाय. माजीच हाय. बायकोला रोग लागू नये म्हनून आनली."

"एवढ्या लोकांत?" केसरबाईनं पदर तोंडाला लावला.

"एवढ्या लोकांत. कुनीच हसलं न्हाई बग. मग अमीनसायेबानं शिपायाला चिलीम आनाया धाडलं आन मला जवळ बोलावलं. दाढी खाजवली, चष्मा पुसला, आन हळूच इचारलं, 'ये चीज कहां मिलती रे?'"

त्या संध्याकाळी खाट घरात आली. आणलेली टोपी आधी पाण्यानं बघितली गेली आणि तेलाची बुधली रुक्मिणीबाईनं आपल्या उशाशी घेऊन ठेवली. उन्हाळ्याच्या तोंडाला नगरच्या डॉक्टरनं काचेवर नमुना घेऊन, भिंगातून बघून, बंकट बरा झाल्याचं सांगितलं. त्यानंतर पुढच्या वर्षी केसरबाईला मुलगी झाली, मग दोन मुलगे.

पण कोनाड्यातली डबी काही रिकामी झाली नाही. वाडीतल्या बायकांनी आधी आडून आडून विचारलं, मग सरळ मागितलं, आणि बंकट नगरहून आणखी डब्या आणू लागला. पुढं पुढं रीतच पडली. सुगी संपून कापसाच्या गाड्या नगरला निघाल्या की केसरबाई वाटेच्या तोंडाशी दगडावर येऊन बसायची. गाडीवानाच्या हातात त्याच्या बायकोनं भाकरीचं गठुडं द्यायचं आणि केसरबाईनं डबी द्यायची. म्हातारे लोक दुसरीकडं बघायचे. कोणी लाजायचं, कोणी चेष्टा करायचं, पण घ्यायचं.

एका वर्षी गहिनीनाथ म्हणून नवा गाडीवान निघाला. नुकतंच लग्न झालेला, गळ्यात तुळशीची माळ. केसरबाईनं डबी पुढं केली तसा तो दोन पावलं मागं सरला.

"काकू, मी माळकरी मानूस. तसल्या वस्तीत मी पाऊलबी टाकत न्हाई."

"मग तर लई दिवस टिकंल," केसरबाई म्हणाली. "ने."